पत्तीला दोष देण्याआधी पाणी बघा: सोलापूरच्या घरात चहाचे प्रकार

“पत्ती बदलून द्या, चहाला चवच येईना,” म्हणत गिऱ्हाईक दुकानात आलं की डबा उघडायच्या आधी मी विचारतो, “पाणी कुठलं घालताय?” माणूस जरा चिडतो. पाणी ते पाणी, त्यात काय विचारायचं? पण मधल्या मारुतीच्या बाजारात आमचं सुट्या पत्तीचं दुकान वडिलांपासूनचं आहे, आणि परत आलेली पत्ती मी मागे स्टोव्हवर करून बघतो. बहुतेक वेळा पत्ती चांगली निघते. बिघडलेलं असतं ते पाणी, नाहीतर वेळेचा हिशोब. म्हणून गिऱ्हाइकांना काउंटरवरून तुकड्या-तुकड्यांनी जे सांगत असतो, ते इथे एकदा सलग लिहून काढतो.

पाणी

सोलापूरच्या नळाला उजनीचं पाणी येतं, तेही चार-पाच दिवसांनी. मधले दिवस टाकीवर, आणि टाकी संपली की बोअरवर. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. अशा पाण्यात कोरा चहा केला की रंग लालसर न येता काळपट, गढूळ येतो आणि वर चकचकीत तवंग धरतो. लोकांना वाटतं पत्तीला तेल लावलंय. तेल नसतं हो. पाण्यातला कॅल्शियम आणि चहातली तुरट द्रव्यं हवेशी मिळून तो पापुद्रा करतात. किटलीच्या बुडाला पांढरा थर बसत असेल तर तुमच्याकडे हेच चाललंय असं समजा.

खात्री करायची तर एक सोपी चाचणी आहे. दोन काचेचे ग्लास घ्या. एकात बोअरचं उकळतं पाणी, दुसऱ्यात बाटलीबंद पाणी तसंच उकळून. दोन्हींत एकेक छोटा चमचा पत्ती, चार मिनिटं, मग गाळा आणि खिडकीपाशी धरून बघा. पत्ती एकाच डब्यातली असते, तरी दोन दुकानांतून आणल्यासारखी दिसते.

उपाय असा. बोअरचं पाणी चांगलं पाच मिनिटं खळखळून उकळा, झाकून ठेवा, निवळलं की वरचं वरचं पाणी ओतून घ्या. क्षारांचा एक भाग तळाशी बसून जातो. सगळा जात नाही, पण दुधाच्या चहाला तेवढं पुरतं. घरात आरओ असेल तर दुधाच्या चहाला अर्धं आरओ, अर्धं नळाचं घ्या. नुसत्या आरओच्या पाण्यात चहा रंगाला उजळ पण चवीला जरा टोकदार लागतो, असं माझं मत आहे. दार्जिलिंग आणि ग्रीन टीला मात्र मी आरओच सांगतो.

किटलीचा थर काढायला एक लिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून उकळा, वीस मिनिटं तसंच ठेवा, आणि दोनदा विसळून टाका. घासायची गरज पडत नाही.

पत्ती घेताना

काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग, सगळे चहा एकाच झाडाच्या पानांचे. फरक पान तोडल्यावर त्याचं काय करतात यात आहे. आपल्या घरात जी दाणेदार पत्ती असते ती सीटीसी, म्हणजे चिरडलेली, फाडलेली आणि वळलेली. हे करणारं यंत्र १९३० च्या सुमाराला आसामात निघालं आणि दुधाचा कडक चहा स्वस्तात होऊ लागला.

दाणा जितका बारीक तितका चहा लवकर उतरतो आणि कडक होतो. बीपी हा मोठा दाणा, ओएफ आणि पीएफ त्याहून बारीक, आणि सगळ्यात बारीक डस्ट. टपरीवाले डस्ट नेतात, कारण कमी पत्तीत जास्त कप निघतात आणि त्यांच्याकडे थांबायला वेळ नसतो. घरी नुसती डस्ट वापरली तर मिनिटभर जास्त झालं की चहा घशाला धरतो. तीन भाग आसामचा मोठा दाणा आणि एक भाग डस्ट हे मिश्रण घरासाठी मला सर्वांत भरवशाचं वाटतं. रंग डस्ट देते, चव दाणा देतो. कुणी जास्त सुवासाची मागणी केली तर त्यात थोडी नीलगिरीची पत्ती मिसळतो.

रोजचा दुधाचा चहा

इथे मी जरा जास्त बोलणार, कारण शंभरातले नव्वद कप याचेच.

दूध कुठलं, यावर पाण्याचं माप ठरतं. आपल्या जिल्ह्यात म्हशीचं दूध घरोघर. पंढरपुरी म्हैस तर इथलीच, लांबच लांब शिंगांची. तिच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतो, त्यामुळे ते जास्त घातलं की पत्तीची चव दबून जाते आणि मग लोक पत्ती वाढवतात. पत्ती वाढवू नका, दूध कमी करा. दोन कपांना म्हशीचं दूध असेल तर पाणी २२० मिली, दूध १०० मिली. गाईचं किंवा पिशवीतलं टोन्ड असेल तर पाणी १८० आणि दूध १४०. उकळून थोडं आटतं, तेव्हा दीड-दीडशे मिलीचे दोन कप भरून येतात. पत्ती दोन छोटे चमचे सपाट, म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास. साखर तुमची तुम्ही.

पाणी आधी उकळू द्या. थंड पाण्यात पत्ती टाकून गॅस पेटवायची सवय पुष्कळ घरांत आहे. त्यात पाणी उकळेपर्यंत पत्ती किती वेळ भिजली हे रोज बदलतं आणि मग चहाही रोज वेगळा होतो. पाण्याला खळखळून उकळी आली की साखर, मग पत्ती, आणि गॅस मध्यम. दोन मिनिटं. तोवर दूध शेजारच्या शेगडीवर गरम झालेलं हवं. फ्रीजमधलं थंड दूध ओतलं तर चहा पुन्हा उकळायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पत्ती आतच बसून कडू होत राहते. गरम दूध घातल्यावर एक उकळी वर येऊ द्या, गॅस बारीक करा, पुन्हा एक उकळी, की बंद. झाकण ठेवून अर्धा मिनिट थांबा आणि गाळा.

पत्ती पाण्यात पडल्यापासून गाळेपर्यंत पाच, फार तर सहा मिनिटं. त्यापुढे रंग वाढल्यासारखा दिसतो, पण वाढतो तो तुरटपणा. “आमच्यात चांगला अर्धा तास उकळतो,” असं अभिमानानं सांगणारे भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, ते पत्ती जास्त नेतात.

पाहुणे टप्प्याटप्प्यानं येणार असतील तर चहा गाळून थर्मासात भरा. पातेल्यात पत्तीसकट ठेवून पुन्हा पुन्हा गरम केलेला चहा लग्नाच्या मांडवात चालतो, घरात नको.

आलं कधी घालायचं हे फार महत्त्वाचं. कच्च्या आल्यात दूध फाडणारं एक पाचक द्रव्य असतं, उकळलं की ते मरतं. म्हणून ठेचलेलं आलं पाण्यातच टाका आणि पत्तीच्या आधी दोन मिनिटं उकळू द्या. दूध घातल्यावर वरून आलं किसून टाकलं की चहा नासतो, आणि दोष दूधवाल्याला जातो. दोन कपांना अंगठ्याच्या पेराएवढं आलं पुरे. खलबत्त्यात ठेचा, किसणीवर अर्धं आलं किसणीतच राहतं. वेलदोड्याचं उलट आहे. त्याचा वास उकळून उडून जातो, म्हणून सालासकट चेचून शेवटच्या उकळीला घाला. चहा मसाला करून ठेवायचा असेल तर त्यात सुंठ मुख्य ठेवा, मिरी आणि दालचिनी त्याच्या मागे, लवंग अगदी मोजकी. लवंग जास्त झाली तर चहा दाताच्या दवाखान्यासारखा लागतो.

गुळाचा आणि गवती

साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून लोक गुळाचा चहा टपरीवर जाऊन पितात, कारण घरी तो फाटतो. गूळ थोडा आंबट धर्माचा, त्यात जुना असेल तर अधिकच. उकळत्या दुधात आंबट पडलं की दूध नासणारच. तेव्हा चहा बिनसाखरेचा पूर्ण करून गॅस बंद करा. किसलेला गूळ दुसऱ्या भांड्यात घ्या आणि त्यावर चहा गाळा. ढवळा, प्या. पुन्हा गॅसवर ठेवायचा नाही. कपाला दोन छोटे चमचे किसलेला गूळ ठीक. चवीला किंचित खारट लागणारा गूळ नेमका इथेच दगा देतो, म्हणून चाखून घ्या. या चहाला पत्ती थोडी कडक लागते, कारण गुळाची स्वतःची चव बरीच असते.

गवती चहाची पाती कुंडीत लावा, पाणी कमी मिळालं तरी ती तग धरते. दोन कपांना दोन-तीन हिरवी पाती, कात्रीनं बोटभर कापून, पाण्याबरोबर टाकायची. तीन मिनिटं उकळली की पुरे. फार उकळलं तर लिंबासारखा वास जाऊन गवताचा वास राहतो. वाळवून ठेवायची तर सावलीत वाळवा. आपलं ऊन पानांचा रंग आणि वास दोन्ही उडवतं.

कोरा चहा

पूर्व भागातल्या एक अक्का माझ्याकडून फक्त कोऱ्या चहासाठी मोठा दाणा नेतात. दिवसभर विड्या वळताना त्यांना दुधाचा चहा जड वाटतो. त्यांची रीत मला पटते: पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग पत्ती टाकायची, झाकून तीन मिनिटं, गाळून लिंबू. कोऱ्या चहाची पत्ती उकळायची नसते, नुसती मुरवायची. दुधात लपणारा तुरटपणा इथे उघडा पडतो. दोनशे मिलीला एक छोटा चमचा पुरे, तोही सपाट. लिंबू पिळलं की रंग फिका होतो, घाबरू नका, चहा पातळ झालेला नसतो. आंबटामुळे रंगद्रव्यं बदलतात. बोअरच्या पाण्याचा तवंगही लिंबाच्या थेंबांनी बराच जातो.

अक्कांना मी एक गोष्ट सारखी सांगतो आणि तुम्हालाही सांगतो. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला तर भाकरी-भाजीतलं लोह अंगी कमी लागतं. रक्त कमी असलेल्या बायकांनी तर जेवणानंतर तासभर थांबावंच.

दार्जिलिंग

गेल्या काही वर्षांत होटगी रोडकडची मंडळी दार्जिलिंग मागायला लागली. महाग माल. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेला पहिला पदार्थ हाच, २००४ साली. नेतात आणि घरी दुधात उकळतात. मग “फिका आहे हो तुमचा चहा.” फिका असणारच, तो उकळायचा नसतोच.

फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत तोडलेली पहिल्या बहराची पानं हिरवट आणि फुलांच्या वासाची. मे-जूनची दुसऱ्या बहराची जास्त तांबूस आणि भरदार. चिनी मातीच्या किटलीत आधी गरम पाणी फिरवून ओतून टाका. दोनशे मिलीला एक चमचा शीग भरून पानं. पान हलकं असतं, म्हणून सपाट चमचा पुरत नाही. पाणी उकळी उतरल्यावर अर्ध्या मिनिटानं ओता. पहिल्या बहराला तीन मिनिटं, दुसऱ्याला चार. मग सगळं गाळून दुसऱ्या भांड्यात काढा, पानांवर पाणी शिल्लक ठेवू नका. दूध नाही. साखर घालायचीच असेल तर आधी एक घोट तसाच घ्या.

ग्रीन टी

ग्रीन टी कडू लागतो ही तक्रार जवळजवळ नेहमी उकळत्या पाण्याची असते. त्याला ७५ ते ८० अंशांचं पाणी लागतं. घरात थर्मामीटर नसतो, तर हिशोब असा करा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, इथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी माठातलं एकत्र केलं की ८० अंशांच्या आसपास येतं. त्यात पानं टाका, दोनशे मिलीला एक चमचा, दोन मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. पिशवी असेल तरी वेळ हीच, आणि पिशवी पिळायची नाही. पिळली की सगळा कडवटपणा कपात.

चांगली पानं एकाच वापरात टाकू नका. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या देशात गेले, त्या चीनमध्ये त्याच पानांवर पुन्हा पुन्हा गरम पाणी घालून पितात. दुसऱ्या पाण्याला अर्धा मिनिट जास्त द्या. पुष्कळदा दुसरा कपच पहिल्यापेक्षा गोड लागतो. पिशवीतला भुगा मात्र एका कपातच संपतो.

वजन उतरेल का, असं विचारणाऱ्यांना मी नुसती पत्ती विकतो, आश्वासन विकत नाही.

काश्मिरी काहवाही हिरव्या पानांचाच. तीनशे मिली पाण्यात बोटभर दालचिनी, दोन चेचलेले वेलदोडे आणि केशराच्या पाच-सहा काड्या चार मिनिटं उकळा, गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग एक चमचा ग्रीन टीची पानं घालून दोन मिनिटं झाका. कपात बदामाचे काप, त्यावर गाळा, कोमट झाल्यावर मध. संक्रांतीच्या सुमाराला भरणाऱ्या आपल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली थंडी याला बरी. काश्मिरी गुलाबी नून चहा मागणारेही एखाद-दुसरे येतात. तो हिरव्या पानांना चिमूटभर खायचा सोडा घालून बराच वेळ उकळून, गार पाणी घालून घोटून, लाल अर्क काढून मग दूध-मीठ घालून करतात. आपल्या दाणेदार पत्तीनं तो होत नाही, उगाच सोडा वाया घालवू नका.

उन्हाळ्यातला थंड चहा

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की पत्तीचा खप उतरतो. त्या दिवसांसाठी गॅस न पेटवता होणारा चहा सांगतो. एक लिटर पिण्याच्या गार पाण्यात दहा ग्रॅम मोठ्या पानांचा चहा, दार्जिलिंग किंवा ग्रीन कुठलाही, टाकून काचेची बाटली झाकून फ्रीजमध्ये ठेवा. रात्री ठेवला की सकाळी तयार, आठ तास पुरे. गार पाण्यात तुरट द्रव्यं कमी उतरतात, त्यामुळे हा चहा साखरेशिवायही पिववतो. गाळा, लिंबाची चकती किंवा पुदिना घाला, आणि एक-दोन दिवसांत संपवा. पाणी उकळलेलं नसतं, म्हणून ते आधीच शुद्ध असलं पाहिजे.

गच्चीवर उन्हात बाटली ठेवून चहा करायची टूम अधूनमधून ऐकू येते. आपल्या उन्हाला तेवढी ताकद आहे असं वाटतं खरं, पण बाटलीतलं पाणी नुसतं कोमट होतं, आणि कोमटात जंतू वाढतात. फ्रीजच बरा.

सीटीसीचा थंड चहा करायचा असेल तर दुप्पट कडक कोरा चहा करून गरम असतानाच साखर विरघळवा आणि बर्फानं भरलेल्या ग्लासात ओता. फ्रीजमध्ये ठेवला तर तो गढूळ होतो. नासलेला नसतो, थंडीनं चहातली द्रव्यं एकमेकांना धरतात. थोडं उकळतं पाणी घातलं की पुन्हा निवळतो.

ठेवणं आणि तपासणं

पत्ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, गॅसपासून आणि मसाल्याच्या डब्यापासून लांब. चहा शेजारचा वास पटकन ओढतो. काळ्या मसाल्याच्या शेजारी ठेवलेली पत्ती आठवड्यात शेंगा चटणीबरोबर खायच्या लायकीची होते. फ्रीजमध्ये ठेवू नका, दमटपणा धरते. सुटी पत्ती घरात दोन-तीन महिन्यांत संपेल एवढीच न्या, जास्त मागाल तर मीच अडवतो.

आणि कुठल्याही दुकानातून आणा, माझ्यासुद्धा, एकदा तपासून बघा. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पत्ती पसरा, वर पाण्याचे थेंब शिंपडा. कागदावर लगेच गडद डाग पसरले तर पत्तीला रंग दिलेला आहे. चांगली पत्ती इतक्या पटकन रंग सोडत नाही. कोरड्या पत्तीवरून लोहचुंबकही फिरवा. लोखंडाचा चुरा चिकटून आला तर ती पुडी तशीच दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन ठेवा.